मका लोकांचा, जहाज सरकारचं

पश्चिम सुदानमधल्या दारफुर प्रांतात मारले जाणारे मुसलमान होते आणि मारणारेही मुसलमानच. 2004 साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, हा विषय पहिल्यांदा निघाला, तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी सरळ विचारलं, "यात आपले किती आहेत?" त्यांच्या मनात आकस नव्हता. आमची मंडळी कित्येक वर्षं दक्षिण सुदानसाठी प्रार्थना करत आली होती. तिथल्या ख्रिस्ती गावांवर खार्टूमच्या, म्हणजे सुदानच्याच, सरकारनं टाकलेले बॉम्ब, जाळलेली घरं, पळवून नेलेली मुलं हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो. दक्षिणेतला समझोता आता जवळ आला होता, तो जानेवारी 2005 मध्ये झालाही. मग पश्चिमेकडच्या दुसऱ्याच प्रांतासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

उत्तर दिलं ते आमच्यातल्याच एका दक्षिण सुदानी बांधवानं. डिंका जमातीचा माणूस, निर्वासितांच्या छावणीतून आलेला, एरवी फारसा न बोलणारा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "ज्या सरकारच्या विमानांनी माझं गाव उद्ध्वस्त केलं, त्याच सरकारची विमानं आता त्यांच्यावर जातात. वैमानिकसुद्धा कदाचित तोच असेल." एवढं बोलून तो खाली बसला.

आमच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, बायबलमधल्या नीतिसूत्रांचा चोविसावा अध्याय उघडला. ज्यांना मरणाकडे ओढून नेलं जातंय त्यांना सोडव, असं तिथे सांगितलं आहे. आणि ‘आम्हाला हे माहीत नव्हतं’ असं म्हणशील, तर अंतःकरणं तोलणाऱ्याला ते कळणार नाही का, असं लगेच पुढे विचारलं आहे. माहीत नव्हतं म्हणायची सोय आमच्याकडे उरलीच नव्हती. फेब्रुवारी 2003 मध्ये दारफुरमधल्या बंडखोरांनी सरकारविरुद्ध शस्त्रं उचलली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीरच्या सरकारनं जंजावीद नावाच्या घोडेस्वार टोळ्यांना हत्यारं दिली आणि फुर, मसालीत, झगावा या जमातींच्या गावांवर सोडलं. गाव जाळायचं, पुरुष मारायचे, बायकांवर अत्याचार करायचे, विहिरी नासवायच्या, ही त्यांची रीत. 22 जुलै 2004 रोजी अमेरिकन काँग्रेसनं या प्रकाराला वंशसंहार म्हटलं आणि सप्टेंबरमध्ये परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनीही तोच शब्द वापरला.

ख्रिस्ती माणसाला हा शब्द ऐकला की रवांडा आठवायलाच हवं. 1994 साली त्या ख्रिस्तीबहुल देशात माणसं जीव वाचवायला चर्चमध्ये धावली आणि चर्चमध्येच कापली गेली. न्यांगे गावात आत माणसं असताना चर्चची इमारत बुलडोझरनं पाडण्यात आली आणि त्यात तिथला धर्मगुरूच पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात दोषी ठरला. तेव्हा जगभरच्या मंडळ्यांनी जे केलं नाही, ते करायची संधी देवानं आम्हाला दिली होती, असं मला त्या दिवशी वाटलं. आजही वाटतं.

मी मूळची अहमदनगरची, आताच्या अहिल्यानगरची. आमच्या घरी 1899-1900 च्या दुष्काळाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, कारण माझी पणजी त्याच दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आली. तिचं गाव कोणतं, आईबाप कोण, हे घरात कुणालाही सांगता येत नाही. त्या काळात नगरला अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम मदतकार्य बघत होते. पुढे सरकारनं त्यांना त्यासाठी कैसर-ए-हिंद पदक दिलं. मे 1900 मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचं जहाज मका भरून मुंबईला निघालं. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ साप्ताहिकाच्या आवाहनावरून अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी आणि चर्चच्या माणसांनी तो मका दिला होता. जहाज मात्र अमेरिकन सरकारनं भाड्यानं घेऊन दिलं होतं.

मंडळीत मी उभं राहून हीच गोष्ट सांगितली. दानपेटीत पैसे आपण टाकूच. पण सरकार हललं नसतं तर तो मका न्यूयॉर्कच्या धक्क्यावरच पडून राहिला असता. माझ्या पणजीपर्यंत अन्न पोचायला मका लोकांचा लागला आणि जहाज सरकारचं. दारफुरसाठीही दोन्ही लागणार होतं.

पोस्टकार्डांपासून सुरुवात झाली. राष्ट्राध्यक्ष बुश यांना दहा लाख पोस्टकार्डं पाठवायची देशभर मोहीम होती. उपासना संपली की आम्ही सभागृहात टेबल मांडायचो आणि चहा-कॉफीसोबत प्रत्येकाच्या हाती कार्ड द्यायचो. नुसती सही करून चालेल का, असं बरेच जण विचारायचे. आम्ही म्हणायचो, चालेल, पण स्वतःची एक ओळ लिहिलीत तर बरं. 30 एप्रिल 2006 ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर हजारोंची सभा झाली. नाझींच्या छळछावणीतून वाचलेले एली विझेल तिथे बोलले. ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान शेजारी शेजारी उभे होते आणि दारफुरहून आलेली माणसं आपल्या गावांची नावं लिहिलेले फलक घेऊन आली होती. सभेनं मनाला उभारी येते, म्हणून ती हवी. पण खरं काम मला शिकायला मिळालं ते खासदारांच्या कार्यालयात.

त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला फार दडपण येतं. खासदार स्वतः क्वचितच भेटतात. भेटतो तो एखादा तरुण साहाय्यक, पंचविशीचा, हातात वही आणि समोर पंधरा-वीस मिनिटं. तुम्ही कुठल्या भागात राहता, हे तो आधी विचारतो, कारण तुम्ही त्याच्या साहेबांचे मतदार असाल तरच तुमच्या बोलण्याला वजन. मग तुम्ही बोलायचं. आमच्याबरोबर आलेल्या एका आजींनी दारफुरचा इतिहास सुरू केला. तो मुलगा अदबीनं ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तुमचं नेमकं मागणं काय?" पाळकांनी विधेयकाचं नाव सांगितलं: दारफुर पीस अँड अकाउंटेबिलिटी अ‍ॅक्ट. साहेबांनी त्यावर सही करावी आणि आफ्रिकन युनियनच्या शांतिसैनिकांसाठी पैसे मंजूर करावेत. तेवढं मात्र त्यानं वहीत लिहून घेतलं.

तेव्हापासून आमचा नेम झाला. एका भेटीत एकच मागणं न्यायचं. ते एका वाक्यात बसलं पाहिजे आणि त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता आलं पाहिजे. निघताना साहाय्यकाचं नाव लिहून घ्यायचं, घरी आल्यावर आभाराचं पत्र टाकायचं आणि काही आठवड्यांनी फोन करून विचारायचं, काय झालं? लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी हेच करते. तिच्याकडे पैसा नाही, वशिला नाही. ती पुन्हा पुन्हा येते, एवढंच. हे वचन लहानपणापासून ऐकत होते. त्याचा अर्थ मला त्या कार्यालयातल्या खुर्चीत बसून उलगडला.

ते विधेयक ऑक्टोबर 2006 मध्ये कायदा झालं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये सुरक्षा परिषदेनं दारफुरसाठी सुमारे 26 हजारांचं शांतिदल मंजूर केलं. हे सारं आमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण कुणीच काही बोललं नसतं तर झालं नसतं, हेही मला पक्कं माहीत आहे.

सगळ्यात अवघड भाग पैशांचा होता, आणि तो माझ्या घरापर्यंत आला. सुदान सरकारचा खजिना तेलावर चालत होता. त्या तेलात पैसे गुंतवलेल्या कंपन्यांतून आपली पुंजी काढून घ्यायची, अशी मोहीम विद्यापीठांतून सुरू झाली आणि चर्चपर्यंत पोचली. आम्ही आपापल्या पेन्शन फंडांचे कागद बाहेर काढले. कंपन्यांच्या यादीत चीनची सीएनपीसी होती, मलेशियाची पेट्रोनास होती, आणि आपली ओएनजीसी होती. ओएनजीसी विदेशनं 2003 साली सुदानचं तेल काढणाऱ्या ग्रेटर नाइल कंपनीतला 25 टक्के वाटा विकत घेतला होता. तो आधी कॅनडाच्या टॅलिस्मन कंपनीचा होता. कॅनडातल्या चर्चनी आणि मानवाधिकारवाल्यांनी तिच्यावर सतत दबाव आणला, सुदानच्या प्रेस्बिटेरियन चर्चनं तर तिच्यावर न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावाच लावला. तो दावा पुढे फेटाळला गेला, पण टॅलिस्मन सुदानमधून बाहेर पडली. ती जागा भारतानं घेतली.

माझा थोरला भाऊ ओएनजीसीतून निवृत्त झालेला. आमचं शिक्षण, माझं पहिलं विमानाचं तिकीट, सगळं त्याच्या पगारातून झालं. फोनवर मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अगं, देशाला तेल लागतं. आपण नाही घेतलं तर चीन घेईल." मी म्हटलं, "दादा, कॅनडावालेही हेच म्हणत होते." तो म्हणाला, "तू त्या कंपनीचं मीठ खाल्लंयस, हे विसरू नकोस." मी म्हटलं, "विसरले नाही, म्हणून तर आधी तुला सांगतेय." माझ्या पेन्शनचे पैसे मी त्या फंडातून काढून दुसरीकडे ठेवले. दादानं त्यावर पुन्हा वाद घातला नाही. पुढच्या ख्रिसमसला त्याच्या घरच्या प्रार्थनेत त्यानं दारफुरचं नाव घेतलं, हे मला वहिनीकडून कळलं. अमेरिकन काँग्रेसनं 2007 च्या अखेरीस राज्यांना आणि संस्थांना अशी गुंतवणूक काढून घेण्याची कायद्यानं मुभा दिली.

त्यानंतर लोकांचं लक्ष हळूहळू उडालं. 2011 मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला आणि बहुतेक तेल तिकडे गेलं. बशीरवर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट होतं, तरी तो देशोदेशी फिरत राहिला. एप्रिल 2019 मध्ये त्याच्याच जनतेनं रस्त्यावर उतरून त्याला घालवलं. 2020 च्या अखेरीस शांतिदलाची मुदत संपली. जंजावीद मात्र कुठेच गेले नव्हते. 2013 मध्ये बशीरनं त्यांना गणवेश आणि नवं नाव दिलं होतं: रॅपिड सपोर्ट फोर्सेस, म्हणजे आरएसएफ. त्यांचा म्होरक्या हेमेदती.

15 एप्रिल 2023 ला आरएसएफ आणि सुदानचं लष्कर यांच्यात युद्ध पेटलं. तेव्हा महाराष्ट्रात काही दिवस सुदानची खूप चर्चा झाली, कारण सांगलीकडची माणसं तिथल्या केनाना साखर कारखान्यात नोकरीला होती. भारत सरकारनं ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून हजारो भारतीयांना परत आणलं. आमच्या नगरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘देवाची स्तुती असो’ असे संदेश आले, मीही लिहिलं. मग आपली माणसं घरी पोचली आणि विषय मिटला. तिकडे त्याच आठवड्यांत दारफुरमधल्या एल जिनेना शहरात मसालीत लोकांना हेरून हेरून मारलं जात होतं आणि जे वाचले ते चालत सरहद्द ओलांडून चाडमधल्या आद्रेला जात होते.

आमच्या मंडळीत जुन्या लोकांपैकी थोडेच उरले होते. पाळकही नवे. पण या वेळी ‘आपले किती’ असं कुणी विचारलं नाही. शेजारच्या गावातल्या एका दारफुरी कुटुंबाशी आमची ओळख होती. त्यांना आम्ही बोलावलं आणि विचारलं, आम्ही काय करू? त्या गृहस्थांनी खिशातून फोन काढला आणि एका वहीच्या पानाचा फोटो दाखवला. पट्टीनं रेघा मारलेल्या पानावर अरबीत हातानं लिहिलं होतं: मसुराची पोती, तेल, मीठ, सरपण, पाण्याचा टँकर, आणि पुढे रकमा. हे त्यांच्या भाच्याच्या स्वयंपाकघराचं खातं. सुदानी तरुणांनी युद्ध सुरू होताच गल्लोगल्ली ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम’ उभ्या केल्या आणि सगळ्यांसाठी एकत्र अन्न शिजवणारी ही केंद्रं चालवली. मोठ्या संस्थांचे ट्रक जिथे अडवले जातात, तिथे ही मुलं आधीपासून राहतच असतात. परदेशातले नातेवाईक पैसे पाठवतात, ते ‘बँकक’ नावाच्या अ‍ॅपवरून फिरतात आणि त्यातून बाजारात जे मिळेल ते घेतलं जातं.

आमच्या अर्थसमितीनं रीतसर पावत्या मागितल्या. मागायलाच हव्यात, देवाच्या पैशाचा हिशेब चोख हवा. त्यावर बरीच चर्चा होऊन अखेर असं ठरलं की अशा केंद्रांना पैसे पोचवणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेमार्फत द्यायचं आणि वहीच्या पानांचे फोटो हाच पुरावा मानायचा. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत अचानक गोठवली तेव्हा अशी शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. त्या फोटोंतल्या पानांवर रकाने तसेच होते, रकमा नव्हत्या. आम्ही दुप्पट गोळा केलं, तरी सरकारचा हात निघून गेल्यावर पडलेलं खिंडार चर्चच्या दानानं भरत नाही. मका होता, जहाज काढून घेतलं होतं.

दारफुरमधल्या एल फाशर शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत ऑगस्ट 2024 मध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. एप्रिल 2025 मध्ये आरएसएफनं ती छावणीच ताब्यात घेतली. एल फाशर शहराला सुमारे 18 महिने वेढा पडला होता. शहराभोवती मातीचा बांध घालून वाट बंद केल्याचं येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांतून दाखवलं. आत लोक अंबाझ खाऊन राहिले. अंबाझ म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड, आपल्याकडे जी आंबोण म्हणून गुरांपुढे ठेवतात. शेवटी शेवटी तीही मिळेना. 26 ऑक्टोबर 2025 ला शहर पडलं. तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात 460 हून अधिक रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसं मारली गेल्याच्या बातम्यांवर जागतिक आरोग्य संघटनेनं हादरून निवेदन काढलं. त्या रविवारी उपासनेनंतर ते दारफुरी गृहस्थ आमच्या दाराशी आले. त्यांच्या बहिणीचा फोन लागत नव्हता. आम्ही त्यांच्यासोबत बसलो. त्यांनी त्यांची दुआ म्हटली, आम्ही आमची प्रार्थना केली.

सोमवारपासून फोन सुरू केले. सांगायचं वाक्य ठरलेलं होतं. आरएसएफनं वंशसंहार केल्याचं अमेरिकन सरकारनं 7 जानेवारी 2025 लाच जाहीर केलं आहे. आरएसएफला संयुक्त अरब अमिरातीतून शस्त्रं येतात, या आरोपांना संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2024 मध्ये विश्वासार्ह म्हटलं. अमिराती ते नाकारते. आमच्याच राज्याचे सिनेटर ख्रिस व्हॅन हॉलन आणि कॅलिफोर्नियाच्या प्रतिनिधी सारा जेकब्स यांनी, हा पुरवठा थांबेपर्यंत अमेरिकेनं अमिरातीला शस्त्रं विकू नयेत, अशी मागणी काँग्रेसपुढे मांडली आहे. साहेब तिला पाठिंबा देणार का, हो की नाही? लष्करानंही बॉम्ब टाकलेत, मदत अडवली आहे, तेही आम्ही सांगतो. एका बाजूचे गुन्हे झाकायला आम्हाला देवानं बोलावलेलं नाही. फोनवरची मुलगी पत्ता लिहून घेते आणि "साहेबांना कळवते" म्हणते.

त्याच ऑक्टोबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं जंजावीदांचा एक सरदार, अली कुशैब, याला 27 आरोपांत दोषी ठरवलं आणि डिसेंबरमध्ये 20 वर्षांची शिक्षा दिली. त्याचे गुन्हे 2003-04 चे. दारफुरचं प्रकरण 2005 मध्ये सुरक्षा परिषदेनं त्या न्यायालयाकडे सोपवलं, तेव्हा अमेरिकेनं नकाराधिकार वापरू नये म्हणून पत्रं लिहिली गेली होती, त्यात आमचीही होती. अमेरिका तटस्थ राहिली आणि ठराव मंजूर झाला. पोस्टकार्डं लिहिणाऱ्या, खासदारांच्या कार्यालयात दारफुरचा इतिहास सांगणाऱ्या त्या आजी आता नाहीत. निकालाची बातमी मी मंडळीत वाचून दाखवली आणि त्यांचं नाव घेतलं.

यंदा भाचीच्या लग्नाला नगरला जायचं ठरलं, विमान दुबईवरून. वहिनी म्हणाली, "येताना बांगड्या घेऊन ये, तिकडे सोनं चोख मिळतं." मी तिला सांगितलं की सुदानचं बहुतेक सोनं दुबईत जातं, त्या सोन्यावर तिथलं युद्ध पोसलं जातं, आणि दुबईतून सोनं आपल्या देशात येतं. कुठला दागिना कुठल्या खाणीतला, हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून मी आणणार नाही. वहिनी रागावली नाही. तिनं दुसऱ्याच दिवशी महिला मंडळात हे सगळं सांगितलं आणि मला फोन केला. "खासदारांना पत्र लिहायचं म्हणतात बायका. बाहेरून येणारं सोनं मूळचं कुठलं, हे सरकार तपासतं का, ते संसदेत विचारा म्हणून. पण लिहायचं कसं ते सांग."

मी सांगितलं: एकच प्रश्न विचारा, एका वाक्यात, खाली सगळ्यांच्या सह्या आणि प्रत्येकीचा पत्ता. पोच घ्यायला विसरू नका, आणि महिन्याभरानं फोन करा.